पट्टी, लय आणि भाव: बरोक आरियाच्या रेकॉर्डिंगची नोंद कशी करावी

मी गायकांना पियानोवर साथ करते. साथीला बसणाऱ्याचे तीन प्रश्न ठरलेले असतात: पट्टी कुठली, लय काय आणि गाण्याचा भाव काय. काही वर्षांपूर्वी एका गायिकेने बरोक काळातल्या (साधारण 1600 ते 1750) बाख या जर्मन रचनाकाराच्या एका आरियाचं, म्हणजे वाद्यांच्या साथीने गायच्या एकल गाण्याचं, रेकॉर्डिंग मला पाठवलं आणि हेच तीन प्रश्न मला विचारले. मी घाईत होते. फोनवरच्या ॲपला ते ऐकवलं, ॲपने बी मायनर दाखवलं आणि मी तिला लिहून टाकलं: "पट्टी बी मायनर, म्हणजे पांढरी सात. भाव शोकाचा."

तिने पंधरा दिवस त्याबरहुकूम तयारी केली. तालमीच्या दिवशी मी छापील स्वरलिपी उघडली, तर ती सी मायनरमध्ये. अर्ध्या स्वराचा फरक एकवेळ निभावला असता. पण जर्मन उच्चार तिने रेकॉर्डिंग ऐकून पाठ केले होते आणि अर्थासाठी ती माझ्यावर विसंबली होती. शोकाचं गाणं म्हटल्यावर तिने लय आपसूक खाली ओढली होती, आवाज जड केला होता, आणि त्या जड आवाजात ती जे गात होती त्याचा अर्थ होता: "मला माझ्या मरणाची आनंदाने ओढ लागली आहे." तिची पंधरा दिवसांची मेहनत माझ्या एका ओळीने वाया घालवली, हे मला अजून लागतं.

तेव्हापासून मी या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासते आणि वहीत हाताने लिहिते. पद्धत सोपी आहे. एका आरियाला अर्धा-पाऊण तास लागतो. लागणारं सामान म्हणजे हेडफोन, पेटी किंवा कुठलाही की-बोर्ड, सेकंद दाखवणारं घड्याळ आणि गाण्याचे शब्द.

आधी कृती नक्की करा

उदाहरणाला तीच रचना घेते, कारण तिच्यात जवळजवळ सगळे सापळे एका जागी सापडतात. योहान सेबास्टियन बाखचा "इश हाबे गेनूग" हा कॅन्टाटा, म्हणजे आवाज आणि वाद्यांसाठीची अनेक भागांची गायनरचना. बाखच्या रचनांच्या सूचीत तिचा क्रमांक बीडब्ल्यूव्ही 82. लाइपझिगमध्ये 2 फेब्रुवारी 1727 रोजी तो पहिल्यांदा गायला गेला. बाळ येशूला मंदिरात नेल्याच्या आठवणीचा तो सण. बायबलातल्या गोष्टीत तिथे शिमोन नावाचा म्हातारा असतो. तारणहार पाहिल्याशिवाय तुला मरण येणार नाही, असं त्याला सांगितलेलं असतं. तो बाळाला हातांत घेतो आणि म्हणतो, आता मला जाऊ दे. कॅन्टाटात तीन आरिया आहेत आणि त्यांच्यामध्ये दोन छोटी रेसिटेटिव्ह, म्हणजे बोलल्यासारखी गायलेली कडवी. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटांचं काम.

आता पहिला सापळा. बाखने ही रचना एकदा करून सोडून दिली नाही. 1727 ची मूळ रचना बास, म्हणजे पुरुषाच्या खालच्या, आवाजासाठी, ओबो हे फुंकवाद्य घेऊन, सी मायनरमध्ये. 1731 च्या सुमाराला त्याने ती सोप्रानोसाठी, म्हणजे सर्वात उंच आवाजासाठी, ई मायनरमध्ये नेली आणि ओबोच्या जागी आडवी बासरी घेतली. पुढे मेझो-सोप्रानोसाठी, म्हणजे त्याहून जरा खालच्या आवाजासाठी, ती पुन्हा सी मायनरमध्ये आली. मधली आरिया तर त्याच्या बायकोच्या, आना माग्डालेनाच्या, वहीतही उतरवलेली सापडते आणि तिथे ती जी मेजरमध्ये आहे. म्हणजे "या आरियाची पट्टी कोणती" या प्रश्नाला नुसत्या नावावरून उत्तरच देता येत नाही. रेकॉर्डिंगमध्ये आवाज कुठला आहे आणि सोबत ओबो आहे की बासरी, एवढं ऐकलं की आवृत्ती कळते. ओबोचा सूर किंचित नाकात, दाणेदार. लाकडी बासरीचा मऊ, हवेशीर. दहा सेकंदांत फरक कळतो, त्यामुळे हे काम सर्वात आधी उरकून घ्यावं.

इंटरनेटवर स्वरलिपी शोधणाऱ्यांसाठी एक इशारा. लाइपझिगच्या चर्चमधले ऑर्गन बाकीच्या वाद्यांपेक्षा एका पूर्ण स्वराने चढे लावलेले असत, म्हणून ऑर्गनवाल्याचा कागद एक स्वर खाली लिहिला जाई. हाताशी आलेलं पान नेमकं त्याचं असेल, तर पट्टी साफ चुकेल. पान कुणाचं आहे ते आधी पाहा.

पट्टी

पट्टी गाण्याच्या सुरुवातीला शोधू नये, शेवटी शोधावी. आरिया संपते तिथे सर्वात खालच्या वाद्याकडे, म्हणजे चेलो किंवा व्हायोलोनकडे, कान लावायचा. गायकाचा शेवटचा सूर फसवू शकतो, वरच्या व्हायोलिनचाही. पण तळाचा शेवटचा सूर हाच षड्ज. तो गुणगुणायचा, रेकॉर्डिंग थांबवायचं आणि पेटीवर तो सूर शोधायचा. गुणगुणण्याची पायरी गाळू नका. सूर एकदा गळ्यातून गेला की मग तो पक्का सापडतो.

मग गांधार. त्या षड्जावर कोमल गांधार बसत असेल तर मायनर, शुद्ध बसत असेल तर मेजर. मायनरमध्ये धैवत बहुतेक वेळा कोमल येईल, आणि ओळ संपताना निषाद शुद्ध होईल, षड्जाकडे ओढ घेणारा. ज्यांनी कीरवाणी ऐकला आहे त्यांना ही वस्ती ओळखीची वाटेल. पण अधूनमधून कोमल निषादही येतो, म्हणून एका ओळीवरून निकाल देऊ नये.

शेवट बघा म्हटलं, त्यालाही दोन अपवाद आहेत. बरोक काळातल्या कितीतरी आरिया दा कापो पद्धतीच्या असतात: पहिला भाग, मधला भाग, मग पुन्हा पहिला भाग. मधला भाग दुसऱ्या पट्टीत फिरून येतो. रेकॉर्डिंगचा तुकडा मध्येच कापलेला असेल तर तुम्ही मधल्या भागाची पट्टी लिहून बसाल. दुसरं म्हणजे मायनरमधली रचना कधीकधी शेवटच्या झंकाराला शुद्ध गांधार घेऊन मेजरमध्ये थांबते. ही त्या काळाची जुनी सवय होती. शेवटचा झंकार एकदम उजळला, तर आधीची दहा-बारा सेकंद पुन्हा ऐका.

ॲप चुकतं ते दोन कारणांनी. सी मायनर आणि ई-फ्लॅट मेजर यांचे सूर बहुतांशी सारखेच असतात. ॲप सगळ्या सुरांची गोळाबेरीज करतं, षड्ज कुणाला मानायचं हे त्याला तळाच्या चालीवरून उमगत नाही. दुसरं कारण मला भोवलं ते.

आज मैफलीत ए हा सूर साधारण 440 हर्ट्झला लावतात. जुन्या बनावटीची वाद्यं वाजवणारे वृंद तो बहुधा 415 ला लावतात. हा बरोबर अर्ध्या स्वराचा फरक. 440 च्या हिशेबात मधला सी 261.6 हर्ट्झचा, 415 च्या हिशेबात तोच सी साधारण 246.8 वर येतो, आणि 440 वाल्या पेटीवर तो सूर बी म्हणून, पांढरी सात म्हणून, वाजतो. वादक सी मायनर वाजवत असतात, कागदावर सी मायनर असतं, तुमच्या पेटीला मात्र ते बी मायनर वाटतं. ॲपने खोटं सांगितलं नव्हतं. मी त्याला अर्धाच प्रश्न विचारला होता.

यासाठी वाद्यांचे सूर लावायचं ॲप, म्हणजे ट्यूनर, वापरावं. शेवटचा लांब षड्ज त्याला ऐकवायचा. काटा बी वर अगदी मध्यभागी उभा राहिला आणि छापील पट्टी सी असेल, तर लावणी, म्हणजे ए सूर जिथे लावला आहे ती उंची, 415. काटा सी वरच, पण सुमारे 40 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली राहिला तर लावणी 430 च्या आसपास. पूर्ण एक स्वर खाली गेला तर 392, जी फ्रेंच रचनांच्या काही रेकॉर्डिंगांत भेटते. आणि काटा कुठेतरी विचित्र जागी, म्हणजे 25 सेंट वर वगैरे, थांबला तर आधी संशय रेकॉर्डिंगच्या वेगावर घ्यावा. जुन्या तबकड्या उतरवून घेताना वेग इकडेतिकडे होतो, आणि वेगाबरोबर सूरही चढतो किंवा उतरतो.

म्हणून माझ्या वहीत पट्टीचे दोन रकाने असतात: "लिहिलेली" आणि "ऐकू येणारी". डीट्रिश फिशर-डीस्काऊने कार्ल रिश्टरबरोबर 1968 मध्ये केलेलं याच कॅन्टाटाचं रेकॉर्डिंग आजच्या बनावटीच्या वाद्यांवर आहे. तिथे दोन्ही रकाने एकच, सी मायनर, पांढरी एक. जुन्या वाद्यांवरच्या रेकॉर्डिंगला लिहिलेली सी मायनर, ऐकू येणारी पांढरी सात. बाखचा समकालीन हँडल याच्या "मसाया" या धार्मिक गायनरचनेतली तुतारीची प्रसिद्ध आरिया डी मेजरमध्ये आहे, कारण त्या काळच्या पडदे नसलेल्या तुताऱ्या डी मध्ये खणखणीत बोलत. जुन्या वाद्यांवर ती पेटीच्या काळी एकवर सापडते. सोबत गायचं असेल तर दुसरा रकाना कामाचा, स्वरलिपी मागवायची असेल तर पहिला.

लय

बाखने किंवा हँडलने मिनिटाला इतके ठोके असं लिहून ठेवलेलं नाही. मेल्त्सेलने मेट्रोनोमचं पेटंट घेतलं ते 1815 मध्ये. त्याआधीच्या माणसांकडे मोजायला सहसा असे ती स्वतःची नाडी. प्रशियाच्या राजा फ्रेडरिकला बासरी शिकवणाऱ्या क्वान्त्सने 1752 च्या आपल्या ग्रंथात लयीचा हिशेब निरोगी माणसाच्या नाडीवर, मिनिटाला साधारण 80 ठोके धरून, मांडला आहे. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. मोजायला बसण्यापूर्वी मी मनगटावर बोट ठेवून गाणं एकदा नुसतं ऐकते. गाणं नाडीच्या पुढे धावतंय, बरोबर चालतंय की मागे राहतंय, एवढंच लिहून ठेवते. नंतर आकडा काहीही येवो, ही पहिली नोंद बहुतेक खरी ठरते.

आकडा काढायचा तो सुरुवातीच्या वाद्यांच्या तुकड्यावर, रितोर्नेल्लोवर. गायक आत आला की तो श्वासासाठी, शब्दासाठी लय जराशी ओढतो, ते त्याचं कामच आहे. हिशेब असा: जितके बार (तालाची आवर्तनं) मोजले त्याला एका बारमधल्या मात्रांनी गुणायचं, मग 60 ने गुणायचं आणि लागलेल्या सेकंदांनी भागायचं.

बाखच्या "मॅथ्यू पॅशन" या येशूच्या यातनांच्या कथेवरच्या रचनेतली "एर्बार्मे दिश" घ्या. बी मायनर, 12/8 चा ताल. एक-अष्टमांश लांबीचे बारा छोटे सूर, तीन-तीनचे चार गट, म्हणजे एका बारमध्ये चार मोठे ठोके. सुरुवातीला आठ बार एकटं व्हायोलिन बोलतं. आठ चोक बत्तीस ठोके. माझ्याकडच्या एका रेकॉर्डिंगमध्ये त्यांना 58 सेकंद लागतात: 32 गुणिले 60, भागिले 58, साधारण 33. दुसऱ्या, जुन्या, मोठ्या वाद्यवृंदाच्या रेकॉर्डिंगमध्ये 70 सेकंद: साधारण 27. सहाचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात पहिल्यात गायिका एक ओळ एका श्वासात नेते आणि दुसऱ्यात तिला मध्ये श्वास चोरावा लागतो.

नोंद करताना ठोका कोणता धरला ते लिहा. "33" एवढंच लिहिलं तर वाचणारा गोंधळेल. "मोठा ठोका 33, छोटा सूर 99" असं लिहा. बोटाने टॅप करून लय सांगणारी ॲपं इथेच दुप्पट, निम्मी किंवा तिप्पट लय सांगतात. तीनच्या तालात आणखी एक गंमत होते: ओळ संपत आली की दोन बारांचे सहा सूर तीन-तीनच्या दोन गटांऐवजी दोन-दोनच्या तीन गटांत वाजतात. पाय ठेका धरून असेल तर तो अचानक चुकतो. तो तुमचा दोष नाही, रचनेतच ते आहे. त्या जागा मोजणीतून वगळा.

स्वरलिपीवर शब्द असेल तर तोही उतरवून घ्या. लार्गो, आंदान्ते, विवाचे हे शब्द त्या काळी वेगाइतकेच वृत्तीचे होते. विवाचे म्हणजे चैतन्याने भरलेलं. पण कितीतरी आरियांवर काहीच लिहिलेलं नसतं, तेव्हा नाच ओळखावा. चर्चमधल्या या गाण्यांच्या पोटात नाचाचे ताल असतात आणि ते तेव्हाच्या ऐकणाऱ्यांच्या पायांना माहीत होते. 12/8 मध्ये झुलत चालणारा सिचिलियानो, दुसऱ्या मात्रेवर रेंगाळणारी साराबांद, 3/8 मधला हलका पासपिये. नाच ओळखला की लयीला दोन्ही बाजूंनी कुंपण पडतं: इतकी संथ नको की पाऊल पडायचंच थांबेल, इतकी जलद नको की पाऊल टेकायच्या आत उचलावं लागेल.

भाव

इथे सर्वात जास्त वेळ द्या. पट्टी आणि लय कुणीही तपासून दुरुस्त करू शकतं, भावाची चूक गायकाच्या आवाजात जाऊन बसते.

मायनर म्हणजे दुःख आणि मेजर म्हणजे आनंद, ही समजूत आधी बाजूला ठेवा. आमचा हा कॅन्टाटाच तिला खोटं पाडतो. पहिली आरिया सी मायनर, ताल 3/8. शेवटची आरियाही सी मायनर, तालही 3/8. पट्टी एक, ताल एक. पहिलीत म्हातारा बाळाला कवेत घेऊन शांत उभा आहे, शेवटचीत तो मरणाकडे जवळजवळ उड्या मारत निघाला आहे. छोट्या सुराची लय पहिलीत शेवटचीच्या निम्म्याच्या जवळपास. आणि हँडलच्या "मसाया"त, जो 1742 मध्ये डब्लिनला पहिल्यांदा सादर झाला, तिरस्कार झालेल्या, लोकांनी टाकलेल्या माणसाचं अत्यंत करुण गाणं आहे ते ई-फ्लॅट मेजरमध्ये.

त्या काळचे लोक पट्ट्यांचे स्वभाव मानत, हे खरं. हॅम्बुर्गच्या योहान माटेसनने 1713 मध्ये त्यांची यादीच दिली आहे: सी मायनर अतिशय गोड पण उदासही, डी मेजर तिखट आणि हट्टी, बी मायनर विचित्र आणि खिन्न. तेव्हा सप्तकातले बारा सूर आजच्यासारखे समान अंतरावर लावत नसत, त्यामुळे प्रत्येक पट्टीतला गांधार थोडा वेगळा लागे आणि स्वभावाच्या या बोलण्याला कानाचा आधार होता. मी माटेसनचा शब्द वहीत लिहिते, पण कोपऱ्यात. निकाल त्याच्यावर देत नाही.

निकाल शब्दांवर. आधी शब्दांचा अर्थ मिळवा, आणि तोही एका भाषांतरावर न थांबता. "इश हाबे गेनूग" चा सरळ अर्थ "माझ्याकडे पुरेसं आहे". कुणी त्याचं "पुरे झालं मला" असं भाषांतर केलं की गाणं वैतागाचं होतं. पण पुढची ओळ सांगते की त्याने तारणहाराला आपल्या आसुसलेल्या हातांत घेतलं आहे. मग आपल्या भाषेत त्याला एकच शब्द आहे: "भरून पावलो." हा शब्द सापडला त्या दिवशी मी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि ओबोची पहिलीच ओळ मला वेगळी ऐकू आली. ती खालच्या पंचमावरून थेट वरच्या कोमल गांधारावर झेप घेते आणि मग हळूहळू वळसे घेत उतरते. आधी मला ती झेप हुंदक्यासारखी वाटायची. आता ती बाळाला उचलून घेणारे हात वाटते.

आणि नेमकी तीच झेप, पंचमावरून कोमल गांधारावर, "एर्बार्मे दिश"च्या व्हायोलिनमध्येही पहिल्याच क्षणी आहे. ती आरियाही त्याच सुमाराची. मॅथ्यू पॅशनचं पहिलं सादरीकरण बहुतेक अभ्यासक 1727 च्या गुड फ्रायडेचं मानतात. पण तिथे पीटरने येशूला तीनदा नाकारलं आहे, कोंबडा आरवला आहे आणि पीटर बाहेर जाऊन रडला आहे. त्यानंतर अल्टो, म्हणजे सोप्रानोहून खालचा, आवाज म्हणतो, माझ्या आसवांसाठी दया कर. तिथे तीच झेप पदर पसरते. सुरांची आकृती एक, अर्थ दोन. म्हणून वाद्य ऐकून भाव ठरवू नका. शब्द वाचा, मग वाद्य ऐका. आणि कोण बोलतंय तेही बघा: पीटरचा आवाज बास आहे, ही आरिया अल्टोची आहे. म्हणजे रडणारा पीटर एकटा नाही, त्याचं रडणं पाहून कुणीतरी दुसरंही स्वतःसाठी दया मागतंय.

शब्दांनंतर तळाचं वाद्य. भाव खालून येतो, असा माझा अनुभव आहे. त्यासाठी मधली आरिया, "श्लुमर्ट आईन", अगदी जवळून ऐकू. ई-फ्लॅट मेजर, चारचा ताल, शब्द असे: मिटा, थकलेल्या डोळ्यांनो, हळुवार आणि धन्य होऊन मिटा. पहिले काही बार फक्त खर्ज ऐका. तो चालतच नाही. एकाच सुरावर, षड्जावर, थांबून राहतो, पाळण्याच्या दांडीसारखा. त्याच्या वर व्हायोलिन हलतं. आता वरचा निषाद ऐका. मेजर आहे म्हणून तो शुद्ध हवा, षड्जाकडे वर ओढणारा. तो येतो कोमल. कोमल निषाद आला की सगळं वजन मध्यमाकडे, खाली कलतं. पापणी जड व्हावी तसं. पट्टी मेजरच राहते, पण तिचा ताठपणा निघून जातो. पुढे गाणं मध्येच थांबतं. ओळीत असे ठहराव आहेत जिथे सगळे वादक एका सुरावर थबकतात. स्वरलिपीत ठहरावाची खूण म्हणजे एक कमान आणि तिच्याखाली टिंब. त्या आरियात ती मिटत आलेल्या डोळ्यासारखी दिसते, आणि मी माझ्या प्रतीवर तिथे पेन्सिलीने पापणी काढली आहे.

या आरियाचा भाव "दुःखी" लिहाल? "शांत" लिहाल? शांतही पुरत नाही, कारण मधल्या ओळींत तो म्हणतो की इथे मला हालअपेष्टांतच राहावं लागतं, पण तिथे, तिथे मला गोड शांतता दिसेल. म्हणून माझा नियम: भाव विशेषणाने लिहू नका, क्रियापदाने लिहा. "दुःखी, गंभीर, भक्तिपूर्ण" या शब्दांनी गायकाला काहीच करता येत नाही. "डोळे मिटू देतो" यावर गाता येतं. "कवेत घेतो", "पदर पसरतो", "दार उघडायला धावतो" यांवर गाता येतं.

शेवटी रेकॉर्डिंगमधल्या माणसांनी काय केलं आहे ते पाहा, कारण आपण नोंद रचनेची नाही, रेकॉर्डिंगची करतोय. तोच शब्द वेगवेगळे गायक कुठे दाबतात? दा कापोत पहिला भाग परत येतो तेव्हा आवाज आधीपेक्षा धीमा होतो का, सुरावटीत नक्षी घातली आहे का? जागेचा नाद किती लांब घुमतो? मोठ्या दगडी चर्चमध्ये घुमारा इतका रेंगाळतो की वादकांना लय सैल सोडावी लागते. तिथली संथ लय भावासाठी आहे की भिंतींसाठी, हे ओळखून नोंदवा. लोरेन हंट लीबरसनने हा कॅन्टाटा मेझो आवाजात, सी मायनरमध्येच, गायला आहे. बास आवाजात तो आजोबांचा निरोप वाटतो. तिच्या आवाजात वय नाहीसं होतं, निरोप तेवढा उरतो. पट्टी आणि शब्द सारखे असून रकान्यात वेगळं क्रियापद लिहावं लागलं.

नोंद अशी दिसते

त्या गायिकेला मी नंतर पाठवलेली नोंद माझ्या वहीत आहे तशी देते:

"बीडब्ल्यूव्ही 82, शेवटची आरिया, 'इश फ्रॉये मिश आउफ माइनेन टोड'. बास, ओबो, जुनी वाद्यं. लिहिलेली पट्टी सी मायनर. ऐकू येणारी पांढरी सात, लावणी 415. आपण पांढरी एकमध्ये गायचं. स्वरलिपीवर विवाचे. ताल 3/8, 24 बारांना 25 सेकंद, म्हणजे मिनिटाला साधारण 58 बार, छोटा सूर 173. नाडीच्या पुढे. एका बारला एकच ठोका धर, तीन मोजू नकोस. तळाचं वाद्य थांबत नाही, तूही थांबू नकोस. शब्द: मला माझ्या मरणाची आनंदाने ओढ लागली आहे, ते आत्ताच आलं असतं तर! मग या जगात मला बांधून ठेवणाऱ्या सगळ्या त्रासांतून मी सुटेन. भाव: गाठी सोडतो."

तिने ते वाचून एकच प्रश्न विचारला, की धावत्या सुरांच्या लांब माळा एका श्वासात कशा न्यायच्या. आम्ही त्या माळा पियानोवर निम्म्या लयीत, प्रत्येक बारच्या पहिल्या सुरावर किंचित टेकत बसवल्या, आणि तिसऱ्या दिवशी ती 58 वर पोहोचली.